जिथं मामा नाही असं गाव

रेल्वेचा एक नकाशा स्थानकाच्या भिंतीवर टांगलेला असतो, दुसरा वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असतो. आमच्या घरच्या नकाशात बडनेरा म्हणजे आत्या, मूर्तिजापूर म्हणजे मावशी, अकोला म्हणजे आम्हीच, शेगाव म्हणजे गजानन महाराज आणि देवळामागे राहणारे वडिलांचे जुने सहकारी, नांदुरा म्हणजे चुलतबहिणीचं सासर आणि भुसावळ म्हणजे रेल्वेत लागलेले चुलतकाका. उलट्या दिशेला नागपूरला पुतणीचा मामा. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला तो वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला. पण गाठींच्या मागोमाग सोयरिकीही याच रुळांवरून गेल्या. मुलगी द्यायची तर गाडीच्या सोयीच्या गावी द्यावी, हे शहाणपण आमच्या आजोबांच्या पिढीनं इतक्या निष्ठेनं पाळलं की आता बडनेरा ते भुसावळ या सव्वादोनशे किलोमीटरांत माणूस उपाशी राहणं अवघड आहे आणि एकटा राहणं तर अशक्यच.

ही सोय आहे असंच मी आजवर समजत होतो. अकरावीतला माझा मुलगा आणि अमरावतीला बारावीत असलेली माझी पुतणी या दोघांनी ती अडचण आहे, असं जाहीर केलं.

ठिणगी पडली म्युनिकहून. माझी बहीण तिथं राहते. तिचा सोळा वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला, की शनिवारी दोन मित्रांबरोबर साल्झबुर्गला गेलो होतो, रात्री युथ हॉस्टेलमध्ये झोपलो, रविवारी परत. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे. म्हणजे हा पोरगा आईबापांशिवाय दुसऱ्या देशात जाऊन आला होता, आणि तेही महिन्याच्या पासावर, कारण जर्मनीतल्या साध्या गाड्यांचा पास साल्झबुर्गच्या स्थानकापर्यंत चालतो. पावणेदोन तासांचा प्रवास. सरहद्द कधी ओलांडली ते त्याला मोबाइलवरच्या संदेशानं कळलं. युरोपात या गोष्टीला आता परंपरा आहे. एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींनी एका तिकिटावर अनेक देश फिरावेत म्हणून तिथल्या रेल्वेंनी १९७२ साली इंटररेलचा पास काढला. २०१८ पासून तर युरोपीय संघ निवडक अठरा वर्षांच्या मुलांना प्रवासाचा पास फुकट देतो.

फोन ठेवल्यावर आमच्याकडची दोघं एकदम म्हणाली, आम्हालाही जायचंय. दोन दिवस, गाडीनं, मोठं कोणी बरोबर नाही, आणि परदेशात.

पहिल्या तीन अटींवर वाद घालायला वेळ होता, म्हणून मी चौथी आधी निकालात काढायला बसलो. भारतातून रेल्वेनं परदेशी जायचं तर जायचं कुठं? समझोता आणि थार या पाकिस्तानकडे जाणाऱ्या दोन्ही गाड्या २०१९ मध्ये थांबल्या. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ साली मोठ्या कौतुकानं सुरू झाली होती, ती २०२४ मध्ये बंद पडली. उरली बिहारच्या जयनगरहून नेपाळात जनकपूरकडे जाणारी गाडी. अकोल्याहून निघालं तर जयनगर गाठता गाठताच रविवार संपेल. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या प्रचंड रेल्वेचे मालक असूनही, आपल्या मुलांना शनिवार-रविवारी रुळांवरून सरहद्द ओलांडता येत नाही.

पुतणीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, मग आपण परदेशाची व्याख्या बदलू. जिथं आपलं कोणीच नाही ते परदेश.”

त्यांनी नकाशा पुढ्यात ओढला आणि पेन्सिलीनं नातेवाइकांची गावं खोडायला सुरुवात केली. नागपूर गेलं. वर्धा गेलं, तिथं वहिनीची मैत्रीण. अकोट गेलं. खामगावला माझ्या मुलाचा मामा, तेव्हा ते पहिल्याच फटक्यात गेलं. जळगावला कोणी नाही असं वाटत होतं, पण आईनं आतल्या खोलीतून आवाज दिला की तिच्या मामेबहिणीची नात तिथंच नांदते. दक्षिणेला हिंगोली, वाशीम सगळं आधीच खोडलेलं. अखेर भुसावळला पेन्सिल उत्तरेकडे वळली. सावदा, निंभोरा, रावेर ही केळीच्या बागांची स्थानकं मागे टाकून राज्याची हद्द ओलांडली, आणि एका नावाशी थांबली. बऱ्हाणपूर. घरातल्या सगळ्यांना विचारून झालं. धाकट्या आत्याला फोन लावून झाला. बऱ्हाणपुरात आपलं कोणी नव्हतं. भुसावळहून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर परदेश सापडला.

आईला हे काही केल्या पटेना. “तिथं आपलं कोणी नाही, तं जाता कायले बाप्पा? मामाच्या घरी काय वाघ बसला हाये?”

“कोणी नाही म्हणूनच जातो, आजी,” मुलगा म्हणाला.

माझ्या मोठ्या भावाचं मत वेगळ्या वाटेनं आईच्याच मताला जाऊन मिळालं. तो म्हणाला, आम्ही तुमच्या वयाचे नव्हतो तेव्हापासून एकटे फिरलो. हे खरं आहे. मूर्तिजापूरहून अंजनगावला आजोळी जायला आम्हा दोघांना शकुंतलेत बसवून दिलं जायचं. ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षं ओढत होतं; १९९४ साली डिझेल आलं. देशभरची रेल्वे सरकारची झाली तरी या रुळांची मालकी ब्रिटिश काळातल्या एका खासगी कंपनीकडेच राहिली होती. हे सांगितल्यावर पुतणी हसून लोळली. म्हणजे बाबा आणि काका लहानपणी दर सुट्टीत परदेशी रुळांवरूनच आजोळी जायचे!

रूळ परके असतील, पण गाडी आमची होती, एवढी आमची की तिच्यात एकटं असणं शक्यच नव्हतं. अचलपूरचे पाऊणशे किलोमीटर कापायला तिला चार-एक तास लागत. गार्डच स्थानकावर उतरून तिकिटं फाडायचा, आणि तिकिटाआधी विचारायचा, “कोनाचा रे तू?” बापाचं नाव सांगितलं की आमची जबाबदारी आपोआप सगळ्या डब्याकडे जायची. दर्यापूरपर्यंत कोणीतरी बोरं द्यायचं, कोणीतरी खिडकीतून हात आत घ्यायला लावायचं, आणि अंजनगावला उतरायच्या आत आमच्या खोड्यांची बातमी आजोळी पोचलेली असायची. भाऊ ज्याला एकटं फिरणं म्हणतो ते हे होतं. गाडीभर पालक असलेला प्रवास.

त्या मानानं बऱ्हाणपूर खरोखर दूर आहे, आणि गंमत म्हणजे वऱ्हाडाशी त्याची जुनी घसट आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. शाळेच्या सहलीत ती प्रत्येक पोरानं पाहिलेली असते. ज्याची छत्री पाहून आपण डबा खातो तो मिर्झाराजा १६६७ साली वारला तो बऱ्हाणपुरात. मोगलांचं दख्खनचं दार म्हणजे हे तापीकाठचं गाव. मुमताजमहल १६३१ साली इथंच बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिला नदीपलीकडे जैनाबादेत पुरलेलं होतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, १६८१ च्या सुरुवातीला, मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटलं. “म्हणजे आपले लोक तिथं आधी जाऊन आलेत,” मुलगा म्हणाला, “फक्त त्यांना कोणी चहा विचारला नसेल.”

काय पाहायचं याची यादी दोघांनी मिळून केली आणि ती माझ्यापेक्षा चांगली केली. तापीवरचा शाही किल्ला आणि त्यातलं चित्रं काढलेलं हमाम. फारुकी सुलतानांच्या काळातली जामा मशीद, जिच्यात अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे. आणि सगळ्यांत वर, कुंडी भंडारा. जहांगिराच्या काळात, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उतारावर गावात आणलं, ना मोट, ना रहाट. जमिनीवर ओळीनं कुंड्यांची तोंडं दिसतात आणि आता लिफ्टनं खाली उतरून तो पांढुरका बोगदा पाहता येतो. ज्या अकोल्यात नळाला दिवसाआड पाणी आलं तरी लोक खूश असतात तिथल्या मुलाला चारशे वर्षांपूर्वीचा नळ बघावासा वाटला, यात मला आश्चर्य वाटलं नाही. यादीच्या शेवटी पुतणीनं मावा जिलबी लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग प्रवासाची आखणी. इथं मला कळलं की मुलांना काय येतं आणि काय येत नाही याबद्दल आपले अंदाज किती उलटे असतात. तिकीट काढणं, फलाट शोधणं, गाडी कुठवर आली ते मोबाइलवर पाहणं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त येतं. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं हे मला माहीत नव्हतं. मी अजून जुन्या एकशेवीस दिवसांवर अडकलो होतो. त्यांना माहीत नव्हतं ते वेगळं. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाड्या बहुतेक मुंबईहून उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेल्या असतात. लग्नसराईत किंवा छठच्या दिवसांत त्यांच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा पंचावन्न किलोमीटरांसाठीही जागा राखून ठेवलेली बरी. सगळ्याच गाड्या बऱ्हाणपूरला थांबत नाहीत, म्हणून गाडीचं नाव न पाहता तिचे थांबे पाहायचे. बऱ्हाणपूरचं स्थानक गावात नाही, लालबागेत आहे, आणि कुंडी भंडारा त्याच बाजूला, म्हणून आधी तो बघायचा आणि मग गावात जायचं. भुसावळला दोन गाड्यांमध्ये दोन तासांची मोकळीक ठेवायची, कारण आपल्याकडे गाडी वेळेवर येणं हा नियोजनाचा भाग नसतो, नशिबाचा असतो.

पुतणीचा बडनेरा ते अकोला हा पहिला टप्पा एकटीनं होणार होता. साऱ्या आखणीत ऐंशीएक किलोमीटरांच्या त्या तुकड्यावर सर्वांत जास्त बोलणी झाली. वहिनी म्हणाली, अकोल्यापर्यंत मी येते. पुतणी म्हणाली, मग भुसावळपर्यंतच ये, मग बऱ्हाणपूरपर्यंतच ये. वहिनी गप्प झाली. शेवटी १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आणि १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन दोघांनी फोनमध्ये टाकून घेतली, आणि ठरलं की गाडी बदलली की एक संदेश, मुक्कामाला पोचलं की एक फोन. मधल्या वेळात आम्ही फोन करायचा नाही. ही अट मुलांनी घातली. पाळायला सर्वांत अवघड तीच.

भावानं एक संमतिपत्र लिहिलं. जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या माणसाचं ते संमतिपत्र, त्यात विषय आणि संदर्भ दोन्ही होते. मुलांना हसू आलं, पण ते गरजेचं होतं. आपल्या स्थानकांवर अल्पवयीन मूल एकटं दिसलं की रेल्वे सुरक्षा दलाचे लोक त्याला थांबवून विचारपूस करतात. त्यांचं बरोबरच आहे. घरातून पळालेली, कोणी फसवून नेलेली मुलं त्यांनी अशीच ओळखलेली असतात. पण त्यामुळे आपल्याकडे एकट्या मुलाच्या दोनच जाती उरतात, हरवलेलं आणि पळालेलं. हिंडायला निघालेलं मूल अशी तिसरी जात कोणाच्या डोक्यात येत नाही.

आणि मग रात्रीचा प्रश्न आला. मी बऱ्हाणपुरातल्या लॉजवर फोन लावत बसलो. बोलणारे सगळे सभ्य होते. सगळ्यांनी तेच विचारलं, अठराच्या वरचं कोण आहे? आधारकार्ड कोणाचं? मुलगा आणि मुलगी आहेत म्हटल्यावर आवाज आणखी जपून येऊ लागला. चुलत भावंडं आहेत, आडनाव एक आहे, बाप लेखी देतो, हे सांगून काही उपयोग नव्हता. रेल्वे मुलाला बाराव्या वर्षी मोठं मानते आणि पूर्ण भाडं घेते. सोळाव्या वर्षी विनागिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो. पण उशी मिळायला अठरा पूर्ण लागतात. म्हणजे आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलानं गावोगाव जावं, फक्त कुठं झोपू नये.

म्युनिकचा भाचा साल्झबुर्गला गेला याचं सगळं श्रेय मी तोवर त्याच्या धाडसाला आणि त्याच्या पासाला देत होतो. ते श्रेय त्या पलंगाचं होतं. जर्मनीत रिशार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर होते. १९०९ साली मुलांना घेऊन पायी हिंडत असताना वादळात सापडले आणि एका शाळेत आसरा घेऊन त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या इमारतींत हिंडणाऱ्या मुलांना निजायला जागा का देऊ नये, हा विचार त्या रात्रीचा. पुढं १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युथ हॉस्टेल उघडलं. आज सोळा वर्षांचं पोर आईबापांची चिठ्ठी दाखवून परक्या गावात झोपू शकतं, त्याच्या मागं एका मास्तराची शंभर वर्षांपूर्वीची एक ओली रात्र आहे.

आपल्याकडे असा विचार कोणी केला नाही असं म्हणायला मी निघालो होतो, पण वऱ्हाडात बसून ते म्हणता येत नाही. अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा लहानपणी मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. १९०५ साली त्यांनी घर सोडलं आणि पुढचं आयुष्य जिथं आपलं कोणी नाही अशा गावांत काढलं. या माणसानं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई. जिथं लोक नात्याशिवाय येऊन पडतात तिथं त्यांना पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्यांना मामाच्या घरी कळलं की घराबाहेर पडल्यावर, कोण जाणे. मामाचं घर सुटलेल्या माणसाला धर्मशाळा सुचली, एवढं मात्र खरं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. पण त्यांनी ज्यांची सोय पाहिली ते वारकरी होते, आजारी माणसांचे नातलग होते, गरीब होते. हिंडण्यासाठी हिंडणारं पोर त्यांच्या काळात नव्हतं. ते आमच्या काळात आलं, आणि त्याची सोय आम्हाला सुचली नाही.

सुचली नाही कारण गरजच पडली नाही. प्रत्येक स्थानकावर मामा असला की धर्मशाळेची आठवण होत नाही. वऱ्हाडातल्या पाहुणचाराचं आपण कौतुक करतो आणि ते खोटं नाही, पण तो पाहुणचार आधी नाव विचारतो, मग गाव, मग कोणाकडचे. उत्तर जुळलं की ताट वाढलं जातं. न जुळणाऱ्यासाठी आपल्याकडे लॉज आहे, आणि लॉजला आधारकार्ड लागतं. शिवाय पंधराव्या वर्षी मुलाला दोन-दोन वर्षं कोटा नाही तर लातूरला ठेवताना आपलं मन चरकत नाही. बुलढाणा-वाशीमकडची मुलं अकोल्यात खोल्या घेऊन राहतात, त्यांना कोणी अडवत नाही. अभ्यासासाठी एकटं राहणं मान्य आहे. त्याला फी आहे, निकाल आहे. दोन दिवस नुसतं बघत हिंडण्याला निकाल नाही, म्हणून त्याला पलंगही नाही.

अखेर रात्र भुसावळच्या काकांकडे काढायची ठरली. दिवसा बऱ्हाणपूर, संध्याकाळी परत भुसावळ, रविवारी येताना शेगावला दर्शन आणि कचोरी. शेगाव ही आईची अट होती, कचोरी मुलांची. दिवस परदेशात आणि रात्र नात्यात, असा तह झाला. भुसावळच्या काकांनी स्थानकावर घ्यायला यायचं नाही, पत्ता मुलं शोधतील, हे कलम काकांना तीनदा समजावावं लागलं.

ती योजना भिंतीवर चिकटवली तेव्हा मला उलटा प्रश्न पडला. बऱ्हाणपुरातली दोन पोरं असाच नकाशा पुढ्यात घेऊन आपापले मामा खोडत बसली आणि त्यांची पेन्सिल अकोल्यावर थांबली तर? नरनाळा पाहायला, असदगड पाहायला ती इथं आली आणि रात्री नऊ वाजता स्थानकाबाहेर उभी राहिली तर त्यांना कोण उतरवून घेईल? आपलं मूल मोकळं सुटावं असं वाटत असेल तर दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या गावात एक अंथरूण पाहिजे, हा हिशेब आम्ही कुठल्याच पिढीत मांडला नव्हता.

आमची वरची खोली रिकामी असते. म्हणून मी योजनेला शेवटचं कलम जोडलं, की बऱ्हाणपुरात तुमच्या वयाचं कोणी भेटलं, ओळख झाली, तर त्यांच्या घरच्यांसाठी आपला पत्ता आणि फोन देऊन या. अकोल्याला आले तर मुक्काम आपल्याकडे.

मुलानं कलम वाचलं आणि कपाळाला हात लावला. “म्हणजे बऱ्हाणपूरलाही आपलं कोणीतरी होणार. मग पुढच्या वेळी आम्हाला इटारसी गाठावी लागणार, बाबा.”